अननसाच्या कारखान्यात नवरी

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा भलताच समज व्हायचा. तेहतीस वर्षं मी नानकेंगच्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. "सर, गुरुत्वाकर्षण नसतं तर गृहपाठाच्या वह्या उडून गेल्या असत्या का?" या प्रश्नाला ज्याने तेहतीस वर्षं दर वर्षी न चिडता उत्तर दिलं, त्या माणसाला तापट म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. माझी बायको पी-युन म्हणते, "ह्यांना राग येत नाही हे खरंच आहे. यायला तो आधी कधीतरी जावा लागतो ना!" पण ते सोडा.

निवृत्त झाल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, म्हणून तिने मला लोकविद्यालयातल्या फोटोग्राफीच्या वर्गात घातलं. तिथल्या मास्तरांनी वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी विषय दिला: 'जुने कारखाने, नवे संसार'. वर्गातली सगळी मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून सुटली. कुणी विटांच्या भट्टीचं ग्रंथालय झालंय तिकडे गेलं, कुणी तंबाखू वाळवायच्या घरात खानावळ निघालीय तिकडे. मी म्हटलं, आपल्याला गाव सोडायची गरज काय? आमच्या नानकेंगात अननस डबाबंद करायचा कारखाना आहे. तीस वर्षं बंद पडून वटवाघळांना दिलेला होता. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीने तो घेतला, धुतला, पुसला आणि त्याचं 'कला-उद्यान' केलं. त्या कारखान्यात माझी आई बावीस वर्षं अननस सोलत होती. खांबापासून तिसरी खिडकी, तिथे तिची जागा. मी ठरवलं, एकच फोटो काढायचा. आई तिच्या जागेवर उभी. बस्स. एका क्लिकचं काम.

हे मी शेजारच्या फानसमोर बोललो, ही माझी पहिली चूक.

फान वीज खात्यातून निवृत्त झालाय. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत असतं आणि ते तो कुंपणावर कोपरं टेकून देतो. "ल्याव सर," तो म्हणाला, "फोटो म्हणजे शेवटी काय? प्रकाश. आणि प्रकाश म्हणजे आमचं खातं. मी येतो बरोबर." मी म्हटलं, कशाला त्रास? "त्रास कसला? हातात धरून फोटो काढाल तर हलेल. तिपाई स्टँड घ्या. माझ्याकडे आहे." तो स्टँड त्याने छपराखालून काढला. त्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली घडी करून घालायला फानने वीज खात्याची नियमावली दिली. चाळीस वर्षांत त्या पुस्तकाचा झालेला पहिला उपयोग, असं तोच म्हणाला.

आधी जागा पाहून यावी म्हणून आम्ही दोघं एका सकाळी गेलो. आत काय पाहिलं ते सांगतो, आणि मी शांतपणे सांगतोय याची नोंद घ्या. पगार मिळायचा त्या खिडकीत आता छत्र्या भाड्याने मिळतात. शीतगृहात पोरं स्वतःला कोंडून घेतात आणि कोडी सोडवून बाहेर येतात, तेही पैसे देऊन. आईच्या वेळी एक बाई चुकून तिथे कोंडली गेली होती, तिला कुणी कोडं घातलं नव्हतं. बॉयलरघरात तर चटया पसरून माणसं उताणी पडली होती आणि एक बाई हळू आवाजात सांगत होती, "ऊब आत घ्या... ऊब बाहेर सोडा..." माझे मामा त्या बॉयलरवर होते. त्यांनी आयुष्यभर ऊब फक्त आत घेतली. पाठीवर त्याचे व्रण होते.

मी स्टँड उघडला. तिसरा पाय नियमावलीवर टेकवतोय तोच शिट्टी वाजली. राखणदार धावत आला. "स्टँड नाही चालणार!"

"का?"

"स्टँड म्हणजे धंद्याचं शूटिंग. हातात धरून काढा, ते घरगुती."

"म्हणजे फोटो हलला की घरगुती, आणि नाही हलला की धंदा?"

तो विचारात पडला. "मला तसंच सांगितलंय," असं म्हणून त्याने ऑफिसकडे बोट केलं.

ऑफिसात यू नावाची एक तिशीतली व्यवस्थापक बाई होती. इतकी गोड बोलायची की समोरच्याला आपलाच आवाज करवतीसारखा वाटावा. तिने माझ्यापुढे अर्ज ठेवला. फोटो कशासाठी, या प्रश्नापुढे चार चौकोन होते: जाहिरात, चित्रपट, उडता कॅमेरा, लग्न.

"मला माझ्या आईचा फोटो काढायचाय," मी म्हटलं. "ती इथे कामाला होती."

"किती छान! भावलं मला. पण त्याला चौकोन नाहीये, सर."

"मग नवीन काढा."

"ते मुख्य ऑफिसात ठरतं. जाहिरातीला विमा लागेल, चित्रपटाला पोलिसांचं पत्र. तुम्ही लग्नावर खूण करा ना. सोपं आहे. मंगळवारी दहा ते बारा मोकळं आहे."

मी विज्ञानाचा माणूस. मी म्हटलं, हे खोटं आहे. फानने मला कोपर मारलं आणि कानात म्हणाला, "सर, आमच्या खात्यात चाळीस वर्षं मी मोडलेल्या खांबांना 'झाड' या सदरात घालत आलो. दिवे लागले की नाही?" मी खूण केली.

"वधूचं नाव?"

मला आईचं नाव सांगावं लागलं. बाँग-यो. यू बाईचा पेन थांबला. "ही अक्षरं कशी लिहायची, सर?"

कशी लिहायची! त्या नावाचा अर्थ आहे 'वाढवू कशीतरी'. माझ्या आजोबांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. टाकता येईना म्हणून ठेवली आणि नावातच तशी नोंद करून टाकली. आई आयुष्यभर ते नाव पुटपुटत सांगत आली. दवाखान्यात पुकारलं की पटकन उठते, दुसऱ्यांदा कुणी ओरडू नये म्हणून. "वाढवू कशीतरी मधलं 'कशीतरी'," मी यू बाईला दात आवळून सांगितलं.

"आणि वर?"

"वर कोणी नाही. माझे वडील वारून अकरा वर्षं झाली."

"रिकामं ठेवलं तर संगणक पुढे सरकत नाही, सर."

मी तोंड उघडायच्या आत फानने खिशातून शिक्का काढला. निवृत्तीनंतरही स्वतःच्या नावाचा शिक्का खिशात घेऊन हिंडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याने तो शाईत दाबला आणि सहीच्या जागी 'वर' या रकान्यात ठोकला.

अशा रीतीने माझ्या ऐंशी वर्षांच्या आईचं शेजारच्या फानशी, मंगळवारी दहा ते बारा या वेळात, अननसाच्या कारखान्यात लग्न ठरलं. परवान्यावर तसं छापून आलं. त्यावर बदामाचं चित्रसुद्धा होतं.

फानच्या बायकोला मी स्वतः जाऊन समजावून सांगितलं, कारण आमच्या गल्लीत बातमी पायऱ्या चढत नाही, खिडकीतून येते. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नेताय तर न्या, सर. फक्त परत आणू नका." सोमवारी संध्याकाळी तर आमचे वॉर्डप्रमुख लाल मखमली पडदा घेऊन दारात उभे. त्यावर सोनेरी अक्षरात 'शंभर वर्षं सुखाचा संसार'. मी खुलासा करत होतो, ते माझा हात दाबत होते. "सर, लाजायचं काय? उलट धाडसच म्हणायचं. आजींना माझा नमस्कार सांगा."

आईला मी परवाना दाखवला नाही. ती यायलाच तयार नव्हती. "बावीस वर्षं बघितलंय ते. काय राहिलंय बघायचं?" पण मंगळवारी सकाळी ती आपणहून तयार होऊन बसली होती, फुलाफुलांचा सदरा घालून. केसांना तेल लावलेलं होतं. आमच्याबरोबर यायला निघालेल्या पी-युनने मला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नका म्हणून. मी बोललो नाही. एवढं एक त्या दिवशी मी बरोबर केलं.

फाटकावर तोच राखणदार. त्याने परवाना वाचला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "वधू?"

मी घसा साफ केला. तोवर आईने माझ्या खांद्यावरून परवान्यात डोकावून आपलं नाव ओळखलं होतं. "मीच."

"आणि वर?"

फान पुढे झाला. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा त्याने प्रकाश परतवायला आणला होता आणि तो छातीशी ढालीसारखा धरला होता. आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हा? ह्याला दाढी करून यायला सांगायचं होतंस."

"लग्नाचे कपडे कुठेत?" राखणदार म्हणाला. "कपड्यांशिवाय लग्नाचं शूटिंग होत नाही."

"माझ्या खऱ्या लग्नातही कपडे नव्हते," आई म्हणाली. "मोठ्या जावेचे उसने आणले होते, संध्याकाळी परत केले. तेव्हा कुणी अडवलं नाही. सरक बाजूला."

तो सरकला.

सोलायच्या हॉलचं कॉफीगृह केलंय. खांब तेच, खिडक्या त्याच. पण तिसऱ्या खिडकीपाशी टेबल होतं आणि त्यावर 'राखीव' अशी पाटी. आई जमिनीकडे बघत चालली होती. "गटार बुजवलंन्," ती म्हणाली. "इथून रस वाहायचा, घोट्याएवढा. बूट घातले तरी आत जायचा. बोटांची सालं निघायची." एवढ्यात वेटर आला: बसा-उभे राहा, माणशी एक पेय घ्यावंच लागेल. यादीत पहिलंच पेय होतं 'कामगार मुलीचे अश्रू'. अननस, सोडा आणि चिमूटभर मीठ.

मला राग येत नाही, पण माझ्या कानात घणघण सुरू झालं.

"आ-श्युंग," आईने माझी बाही ओढली. "हे बघ."

समोरच्या भिंतीवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जुना फोटो मोठा करून चिकटवला होता. लांब टेबल, टोप्या आणि ॲप्रन घातलेल्या सात पोरी, हातात सुऱ्या, आणि सगळ्या हसताहेत. खाली पांढऱ्या पट्टीवर लिहिलेलं: 'गोड दिवस. अनोळखी कामगार मुली, अंदाजे साठ वर्षांपूर्वी.'

"तिसरी मी," आई म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. गोल चेहरा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. माझ्या अंगावर काटा आला. आईचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

"किती हसत होतीस तू!"

"हसत कसली? साहेब कॅमेरावाला घेऊन आले होते. जी हसणार नाही तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापीन म्हणाले. मग काय, हसलो." आणि ती एकेकीकडे बोट करून नावं सांगू लागली. चाव-ति, म्हणजे 'भाऊ घेऊन ये'. मान, म्हणजे 'आता पुरे'. एक नुसतीच 'चुकून'. सातांपैकी पाच जणींच्या आईबापांनी नाव ठेवताना कपाळावर हात मारून घेतला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी यू बाईला बोलावून घेतलं. म्हटलं, ह्या अनोळखी नाहीत. ही बघा, तिसरी इथे उभी आहे. नावं लिहा.

"अय्या, आजी! खरंच?" तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. "मला रडूच येतंय. पण सर, ह्या त्याच, याला काही पुरावा? कारखान्याचं ओळखपत्र?"

"पुरावा? ती स्वतः उभी आहे ना!"

"तसं तर कुणीही येऊन म्हणेल, सर. आणि खरं सांगू का, अनोळखी म्हटलं की एक हुरहूर वाटते बघणाऱ्याला. नावं आली की ती जाते." मग आईकडे वळून, आवाजात साखर घालून, "शिवाय आजी, तुमचं नाव जरा... म्हणजे पर्यटक अर्थ विचारतात. आपण 'गोड आजी' लिहू या का? अर्ज करते मी वर."

 आईने आपले हात तिच्या हातांतून सोडवून घेतले. ती काउंटरपाशी गेली, पेल्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहायचा जाड काळा पेन तिथे होता, तो उचलला आणि आणून माझ्या हातात दिला. "लिही. तुला येतं ना लिहायला? एवढं शिकवलं ते कशाला?"

भिंतीवर लिहिणाऱ्या पोरांना मी तेहतीस वर्षं अंगठे धरून उभं केलंय. त्याच मी गुडघे टेकून त्या पांढऱ्या पट्टीवर सात नावं लिहिली. ठळक, फळ्यावर लिहितात तशी, प्रत्येकीच्या पायाशी एक. आई सांगत होती, मी लिहीत होतो. फान चंदेरी पडद्याने माझ्यावर उजेड पाडत होता, त्यामुळे जे काही चाललं होतं ते कॉफीगृहातल्या प्रत्येकाला स्वच्छ दिसलं. यू बाई "सर, सर, सर" करत होती. मी उभा राहिलो आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अश्रूंचा सोडा पिणाऱ्यांनाही मी त्यात सोडलं नाही. पी-युन नंतर म्हणाली, बॉयलरघरातली माणसं उठून बसली होती.

राखणदाराने आम्हाला मानाने फाटकाबाहेर काढलं. मानाने म्हणजे आईच्या डोक्यावर छत्री धरून, मला दंडाला धरून. फोटो राहिलाच. कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं.

तीन दिवसांनी पत्र आलं. दहा दिवसांत 'भिंत' पूर्ववत करून द्यावी, नाहीतर प्रकरण पोलिसांत जाईल. मी लढायला तयार होतो. पी-युनने पत्र वाचून माझ्यापुढे माझ्या नावाचा शिक्का ठेवला. "कबुली द्या. पेन्शन आहे आपल्याला, वकील नाही." मी लिहून दिलं: भिंत मी स्वतःच्या हाताने रंगवून देईन. शिक्का मारताना फान कुंपणावरून म्हणाला, "पांढऱ्यात थोडी पिवळट छटा मिसळा, नाहीतर डाग दिसेल." ह्या माणसाला कधीच वाईट वाटत नाही. मला त्याचाही राग आला.

पण तोवर कॉफीगृहातल्या कुणीतरी काढलेलं ते चलच्चित्र गावोगाव फिरलं होतं. माझी पाठ, माझा पेन आणि माझा तो आवाज. बाजारात मासेवाली मला दोन मासे जास्त घालू लागली.

ठरल्या दिवशी मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेलो. आईही आली. "लिहितानाही मी होते, पुसतानाही असेन." फान होताच. यू बाई पत्राची प्रत घेऊन उभी होती. आणि भिंतीपुढे, कंबरेवर हात ठेवून, काळ्या छत्रीवर भार टाकून, एक म्हातारी उभी होती. वाकलेली, पण डोळे सुरीसारखे.

"हे लिहिणारा गाढव कोण?" तिने विचारलं.

मी पुढे झालो. निवृत्त शिक्षक आहे, असंही सांगितलं.

"शिक्षक? आणि माझं नाव दुसरीखाली? तिसरी मी आहे! मी, चाव-ति! पहाटेच्या बसने आलेय, गुडघे धरून. सुनेने फोनवर दाखवलं, तेव्हापासून जेवण गेलं नाही मला!"

आई हळूहळू पुढे आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता मिठी मारतील. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"तुझं नाक असं कधी होतं गं?" आई म्हणाली.

"तुझं होतं वाटतं? बाँग-यो, तुझी तेव्हाही नजर अधू होती. अर्धी साल अननसावर ठेवायचीस!"

"मी? मुकादम तुझी टोपली परत पाठवायचा, चाव-तिताई. माझी नाही!"

"सुरी बघ! सुरी कुठल्या हातात आहे त्या पोरीच्या?"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. यू बाईनेसुद्धा. तिसऱ्या पोरीच्या सुरीचा हात डावा होता. चाव-तिने आपला डावा हात वर केला आणि बोटं हलवली.

आईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मला ते बघवेना. मी विज्ञानाचा आधार घेतला. म्हटलं, फोटो उलटा छापला गेला असेल, आरशातल्यासारखा. म्हणजे उजव्याचं डावं दिसेल. अगदी साधी गोष्ट आहे, नववीला आहे. फानने मान डोलावली, आणि मग त्याच्या नको तिथे चालणाऱ्या डोक्याने तो म्हणाला, "पण सर, ॲप्रनवर कारखान्याचं नाव आहे, ते तर सरळ वाचता येतंय." आयुष्यात पहिल्यांदा फान बरोबर होता, आणि त्यासाठी त्याने हाच दिवस निवडला.

"मग मी कुठेय?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. ऐंशी वर्षांची बाई शाळेतल्या पोरीसारखा प्रश्न विचारत होती. माझ्या मनात आलं, कशाला हा उद्योग केला मी? ती घरी सुखात होती. तिचा नसलेला फोटो मी तिला दाखवला आणि आता काढून घेतोय.

चाव-ति भिंतीच्या कडेकडेने चालत गेली, छत्रीने एकेक पोरगी मोजत. "ही मान... ही चुकून... आणि तू शेवटी. तुला शेवटी ढकललं होतं त्यांनी. आठवत नाही? त्या सकाळी सियूचं बोट गेलं ना मशीनमध्ये. रक्त धुऊन काढलं आणि अर्ध्या तासात कॅमेरावाला उभा केला. साहेब म्हणाले, हसा. सगळ्या हसल्या. मीही हसले बाई, घरी पाच तोंडं होती. तू नाही हसलीस. कापा मजुरी म्हणालीस."

फोटो जिथे संपत होता तिथे भिंतीवर आगीच्या पाइपाची मोठी लाल पेटी बसवली होती. छत्री त्या पेटीवर येऊन थांबली.

"फोटो थोडा कापावा लागला होता तिथे," यू बाई म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात साखर नव्हती. "पेटीसाठी."

पेटीच्या कडेला टेबलाचा कोपरा दिसत होता आणि टेबलावर एक कोपर. फक्त कोपर. आई वाकली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला लागेपर्यंत जवळ गेली.

"बाहीला ठिगळ आहे," ती म्हणाली. "चौकड्याचं. भावाच्या फाटक्या शर्टाचं. मीच लावलं होतं." ती सरळ झाली. आमच्या कुणाकडेही न बघता म्हणाली, "साठ वर्षं मला वाटत होतं, मी हसले."

फानने चंदेरी पडदा खाली केला. 

मग मी शब्द दिल्याप्रमाणे पट्टी रंगवायला बसलो. पांढऱ्यात पिवळट छटा मिसळून, एकेक नाव पुसत.  आपल्याच अक्षरावर ब्रश फिरवताना माणूस काय काय गिळतो, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. चाव-ति वरून सूचना देत होती: "कोपरा राहिला. शिकवता काय पोरांना तुम्ही?" सातवं नाव पुसून उठतोय, तोच आईने खिशातून पेन काढला. तोच, पेल्यांवर लिहायचा. गेल्या वेळी तिने तो परत केलाच नव्हता.

"पेटीवर लिही," ती म्हणाली.

"आजी, नाही!" यू बाई पुढे आली.

मी पत्राची प्रत तिच्याच हातातून घेतली आणि मोठ्याने वाचली. 'भिंत' पूर्ववत करावी. भिंत केली. पेटीचा उल्लेख कुठे आहे? तेहतीस वर्षं प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसाशी शब्दांवरून वाद घालू नये. मी त्या लाल दारावर, जिथे तिचा चेहरा असायला हवा होता तिथे, लिहिलं: बाँग-यो.

"खाली सियूचं लिही," आई म्हणाली. "ती तर फोटोतही नव्हती."

तेही लिहिलं. मग स्टँड-बिंड न लावता, हातात धरून मी फोटो काढला. पेटी, पेटीशेजारी आई. हसू नकोस असं सांगावं लागलं नाही. फान चंदेरी पडदा धरून उभा होता आणि त्याचा अंगठा फोटोत आला. प्रदर्शनात मास्तर म्हणाले, "उजेड फार कडक झालाय," आणि तो फोटो प्रसाधनगृहाच्या वाटेवर लावला. मी त्यांना काय म्हणालो ते जाऊ द्या. वर्ग मी सोडला.

पण पेटीचं मात्र झालं ते असं. यू बाईने दुसऱ्या दिवशी सफाईवाल्याला ती पुसायला सांगितलं. पेटीवर अग्निशमन खात्याच्या तपासणीची चिकटपट्टी होती: 'खात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये.' तिने खात्याला पत्र लिहिलं. खात्याने कळवलं, आमचा संबंध पेटीच्या आतल्या पाइपाशी, बाहेरचा मजकूर ही जागेच्या मालकाची जबाबदारी. मालकाने कळवलं, सुरक्षेच्या वस्तूला आम्ही हात लावला तर विमा रद्द होतो. हे सगळं मला फानने सांगितलं. त्याला कोण सांगतं देव जाणे. तो म्हणतो, असं प्रकरण सात-आठ वर्षं आरामात चालतं, त्याच्या खात्यात तर एक खांब एकोणीस वर्षं चालला होता. सरकारी दिरंगाईवर आयुष्यभर दातओठ खाल्ले मी. आता रोज सकाळी ती टिकून राहावी अशी प्रार्थना करतो, आणि याचाही मला राग येतो.

गेल्या मंगळवारी चाव-ति पुन्हा पहाटेच्या बसने आली. स्वतःचा पेन घेऊन. राखणदाराने फाटकावर विचारलं, "काय काम आहे, आजी?" ती म्हणाली, "लिहायचं राहिलंय." त्याने एकदा ऑफिसकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. तिच्यामागोमाग मानचा मुलगा आला, वारलेल्या मानच्या नावाचा कागद खिशात घेऊन. पेटीवर आता चार नावं आहेत. चाव-तिचं अक्षर सगळ्यात मोठं आहे आणि तिरकंही, आणि आईचं म्हणणं असं, की तिने मुद्दाम जास्त जागा अडवलीय.